इंग्लिश स्पीकिंग कोर्सची 'फ्री लेव्हल टेस्ट' देण्याआधी हे वाचा

मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने परत फिरतेय आणि खाली लोक धडाधड नंबर टाकतायत.

ऑनलाइन कोर्स होता, नाव घेत नाही. ग्रामर पहिल्यापासून रिव्हाइज करून घेणार, रोज लाइव्ह कॉन्व्हर्सेशन, वाचायला मोठी लायब्ररी आणि ३० दिवसांत ए२ वरून बी२ (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा लेव्हल्स असतात, ए१ सगळ्यात खालची), असं सगळं सांगितलेलं. सुरुवात फ्री लेव्हल टेस्टने. ती दिली की लगेच रिझल्ट, 'तुम्ही ए२, बेसिक कच्चं आहे', आणि पाठोपाठ काउन्सेलरचा फोन, की मॅडम तुमच्यात पोटेन्शियल आहे फक्त कॉन्फिडन्स नाही, बॅचमध्ये शेवटची सीट उरलीय, डिस्काउंट आज रात्रीपर्यंतच. मी फी भरली.

सगळी मेख त्या टेस्टमध्येच आहे. माझी मावसबहीण कित्येक वर्षं इंग्रजी शिकवते, तिने तीच टेस्ट दिली, तिलाही ए२! मग आम्ही एकाही प्रश्नाला हात न लावता नुसतं सबमिट केलं, तरी ए२. म्हणजे उत्तरं कोणी तपासतच नाही, माणसाला घाबरवायचं आणि फोन करायचा एवढंच काम. ज्याला मुळात इंग्रजीची धास्ती आहे त्याला 'तू कच्चा आहेस' म्हणून पैसे काढणं मला फार नीच वाटतं.

आणि ते ३० दिवसांचं गणित बघा. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे अगदी सुरुवातीपासून धरलं तर ए२ ला साधारण १८० ते २०० तास लागतात आणि बी२ ला ५०० ते ६००, म्हणजे मधले तीनशे-चारशे तास. महिन्यात बसवायचे तर रोज दहा तासांच्या वर अभ्यास, आणि यांचा क्लास तासाभराचा.

लाइव्ह म्हणजे रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, चॅट बंद. आठवड्यातून एकदा 'प्रॅक्टिस', त्यात एवढी गर्दी की प्रत्येकाने नाव आणि छंद सांगेपर्यंत वेळ संपायचा. बहीण म्हणाली याला कॉन्व्हर्सेशन अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतच नाहीत. दोघांची जोडी पाहिजे, एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे कुठे जायचं त्याची माहिती, एकमेकांना विचारल्याशिवाय काम पुढे जाताच कामा नये, तेव्हा कुठे तोंड उघडतं. ग्रामरच्या नोट्स दुसऱ्यांच्या साइटवरून उचललेल्या, काही पानांवर त्यांचा वॉटरमार्क अर्धवट पुसलेला दिसतो, आणि जिथे स्वतः लिहिलंय तिथे 'सिन्स टू इयर्स' बरोबर म्हणून दिलंय, खरं तर 'फॉर टू इयर्स' पाहिजे.

लायब्ररी बघून तर खरंच रडू आलं. एकोणिसाव्या शतकातल्या जाडजूड कादंबऱ्या, ज्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर कोणालाही फुकट मिळतात, त्या ए२ वाल्यांच्या गळ्यात. डिक्शनरीशिवाय नीट कळून वाचायचं तर पानावरचे १०० पैकी साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचं संशोधन सांगतं, म्हणून तर लेव्हलप्रमाणे सोपी केलेली ग्रेडेड रीडर्स असतात. आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी पहिल्या पानावरच पुस्तक बंद केलं आणि दोष स्वतःच्या डोक्याला दिला, त्याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

रिफंड मागायचा तो फी भरल्यापासून ७ दिवसांत, आणि पहिला क्लासच त्यानंतर. मी ग्रुपवर विचारलं तर थेट रिमूव्ह केलं. 'सीईएफआर सर्टिफाइड' सर्टिफिकेटही देतात, पण सीईएफआर म्हणजे याच ए१ ते सी२ लेव्हल्सची चौकट, काउन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने ती २००१ मध्ये आणली ती मोजमाप म्हणून, ती संस्था अशी सर्टिफिकेटं वाटत नाही. त्यामुळे त्या कागदाला किंमत शून्य.

तुम्हाला असा फोन आलाच तर आधी तीच टेस्ट कोरी सबमिट करून बघा. मग काउन्सेलरला विचारा की एका क्लासमध्ये मी स्वतः किती मिनिटं बोलणार, माझ्या चुका कोण सुधारणार, आणि उत्तर लेखी मागा. मला लेखी कोणी काहीच दिलं नव्हतं. लेव्हल बघायची असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश साइटवर फुकट टेस्ट आहे, बीबीसी लर्निंग इंग्लिशचे धडेही फुकट आहेत. बॅचमधल्या एका ताईंबरोबर मी आता त्यातलेच धडे घेऊन फोनवर बोलायचा सराव करते. बँकेकडे तक्रार केलीय, जाहिरातीचे आणि कोऱ्या टेस्टच्या रिझल्टचे स्क्रीनशॉट जोडलेत, पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडेही असे स्क्रीनशॉट असतील तर डिलीट करू नका, तक्रार करताना तेच लागतात.