रेव्हिटशी पहिली ओळख: वरच्या रिबनपेक्षा कडेच्या चौकटी आधी वाचा

रेव्हिट या इमारतींचे संगणकीय प्रतिमान तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, निवडून नवा प्रोजेक्ट सुरू केला की पडद्याच्या मधोमध कोरा पांढरा भाग दिसतो आणि त्याच्या चारही बाजूंना एकेक छोटी खूण दिसते. ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर अनेक वर्षे हात बसलेल्या माणसाला या खुणा टेम्प्लेटमध्ये चुकून राहिलेल्या रेघांसारख्या वाटतात आणि तो त्या निवडून काढून टाकतो. प्रत्यक्षात त्या खुणा म्हणजे इमारतीची चार एलिव्हेशन्स, म्हणजे चार बाजूंनी दिसणारी दृश्ये, असतात. खूण काढली की तिच्यामागचे एलिव्हेशनही प्रोजेक्टमधून निघून जाते. रेव्हिट तशी सूचना देते, पण पहिल्याच दिवशी सूचना वाचण्याची सवय कोणाला नसते. नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांना हे सॉफ्टवेअर शिकवताना मी पहिला अर्धा तास या चार खुणांवरच घालवतो, कारण रेव्हिटचा संपूर्ण इंटरफेस समजून घेण्याची किल्ली त्यांच्यात आहे: येथे पडद्यावर दिसणारी गोष्ट ही नुसती रेघ नसते, तिच्यामागे नोंदवलेली माहिती असते.

या परीक्षणात मी रेव्हिटच्या सगळ्या क्षमतांचा आढावा घेणार नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्याचा इंटरफेस नवशिक्याला कसा वागवतो, कोठे साथ देतो आणि कोठे वाऱ्यावर सोडतो, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

हे सॉफ्टवेअर मुळात ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचे नव्हते. 1997 मध्ये स्थापन झालेल्या एका स्वतंत्र कंपनीने ते तयार केले, 2000 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, एकाच कंपनीच्या नावाखाली असल्यामुळे रेव्हिट म्हणजे ऑटोकॅडची पुढची पायरी असावी असा अनेकांचा समज होतो आणि तो समज घेऊनच ते कामाला बसतात. दोन्हींचा पाया वेगळा आहे. ऑटोकॅडमध्ये प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), सेक्शन (उभा छेद) आणि एलिव्हेशन ही साधारणपणे तीन वेगळी रेखाटने असतात. रेव्हिटमध्ये ती एकाच प्रतिमानाकडे पाहण्याच्या तीन खिडक्या असतात. प्लॅनमध्ये दार सरकवले की सेक्शनमध्येही ते सरकते आणि दारांच्या तक्त्यातही तीच नोंद राहते. इंटरफेसची मांडणीही याच विचारातून आली आहे आणि तो विचार पटला नाही, तर ती मांडणी विस्कळीत वाटत राहते.

वरच्या रिबनबद्दल, म्हणजे बटणांच्या पट्टीबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. 2010 च्या आवृत्तीपासून ते आहे, बटणांवरची चित्रे सुबोध आहेत आणि भिंत, दार, खिडकी ही साधने शोधावी लागत नाहीत. गर्दी मात्र जास्त आहे. वास्तुरचना, संरचना आणि यांत्रिक-विद्युत सेवा यांसाठी पूर्वी वेगवेगळी असलेली उत्पादने 2013 च्या आवृत्तीत एकत्र आली, त्यामुळे ज्याला फक्त घराचा आराखडा करायचा आहे, त्याच्याही समोर पोलादी जोडण्यांपासून वातानुकूलनाच्या डक्टपर्यंत सगळे टॅब उभे राहतात. फाइल मेनूतील ऑप्शन्समध्ये यूजर इंटरफेस या भागात जाऊन नको असलेले टॅब बंद करता येतात आणि मी ते पहिल्याच दिवशी करायला लावतो. त्याच ठिकाणी डबल-क्लिकची वर्तणूकही ठरवता येते. मूळ मांडणीत दारावर डबल-क्लिक केले की थेट फॅमिली एडिटर, म्हणजे त्या दाराचा मूळ साचा (फॅमिली) बदलण्याची वेगळी जागा, उघडतो; नवशिक्याला आपली इमारत अचानक नाहीशी होऊन एकटे दार उरल्यासारखे वाटते. फॅमिलीसाठीची ती सोय सुरुवातीला बंद ठेवलेली बरी.

रेव्हिटचे खरे काम डावीकडच्या प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये चालते. काहीही निवडलेले नसताना ही चौकट उघड्या असलेल्या व्ह्यूची (प्लॅन, सेक्शन यांसारख्या दृश्याची) माहिती दाखवते आणि एखादी वस्तू निवडली की त्या वस्तूची. हा बदल कोणताही गाजावाजा न होता घडतो, म्हणून बराच काळ तो लक्षातच येत नाही. चौकटीच्या अगदी वरच्या भागात वस्तूचा प्रकार निवडण्याची यादी असते, तिच्याखाली 'एडिट टाइप' हे बटण असते आणि त्याखाली त्या एका वस्तूपुरती मापे असतात. प्रकाराचे गुण आणि एकट्या वस्तूचे गुण यांतील हा फरक ज्याला समजला, त्याला निम्मे रेव्हिट समजले असे मी मानतो.

एक साधे उदाहरण घेऊ. प्लॅनमध्ये 900 मिलिमीटर रुंदीची अकरा दारे आहेत आणि त्यांतील स्नानगृहाचे दार 750 चे करायचे आहे. शिकणारा माणूस ते दार निवडतो, 'एडिट टाइप' उघडतो, रुंदीच्या रकान्यात 750 लिहितो आणि ओके करतो. अकराच्या अकरा दारे अरुंद होतात. सॉफ्टवेअरने सांगितलेले काम चोख केलेले असते, कारण रुंदी हा त्या दारांच्या प्रकाराचा गुण असतो आणि बदल त्या प्रकारातच झालेला असतो. योग्य वाट अशी की त्याच खिडकीतील 'डुप्लिकेट' बटण दाबून नव्या प्रकाराला नाव द्यावे आणि मग रुंदी बदलावी. ही सोय अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे आणि शंभर दारे एका फटक्यात बदलायची वेळ येते तेव्हा तिची किंमत कळते. पण 'हा बदल इतक्या वस्तूंना लागू होईल' अशी एक ओळ जरी त्या खिडकीत ठळकपणे दिसली असती, तर शिकणाऱ्यांची पुष्कळ धांदल वाचली असती.

प्रॉपर्टीज पॅलेट चुकून बंद होणे ही तर रोजची गोष्ट आहे. कीबोर्डवर पी दोनदा दाबले की ती परत येते. प्रोजेक्ट ब्राउझर बंद झाला, तर व्ह्यू टॅबमधील यूजर इंटरफेस या यादीत जाऊन तो पुन्हा सुरू करावा लागतो.

प्रोजेक्ट ब्राउझर ही प्रोजेक्टची अनुक्रमणिका आहे. प्लॅन, सेक्शन, तक्ते, शीट (छपाईसाठी मांडलेली पाने) आणि फॅमिली या सगळ्यांची झाडासारखी यादी तेथे असते आणि नावावर डबल-क्लिक केले की तो व्ह्यू उघडतो. 2019 च्या आवृत्तीपासून व्ह्यू टॅबच्या रूपात उघडतात आणि दुसऱ्या पडद्यावरही नेता येतात. दोन मॉनिटरवर काम करणाऱ्यांसाठी ही सुधारणा मोलाची ठरली. या ब्राउझरबाबत एकच खाचखळगा आधीच दाखवून ठेवतो. एलिव्हेशनमध्ये मजल्याची पातळी कॉपी करून वरचे मजले तयार केले, तर पातळ्या तयार होतात, पण त्यांचे प्लॅन ब्राउझरमध्ये येत नाहीत. ओळखण्याची खूण पडद्यावरच असते: ज्या पातळीला प्लॅन जोडलेला आहे तिचे टोक निळे दिसते आणि ज्या पातळीला जोडलेला नाही तिचे काळे. काळ्या टोकांसाठी व्ह्यू टॅबमधून फ्लोअर प्लॅन स्वतः तयार करावे लागतात. एवढी अर्थपूर्ण खूण फक्त रंगावर सोडून देणे मला खटकते, कारण कोणी सांगितल्याशिवाय तिचा अर्थ उलगडत नाही.

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. रेव्हिटमध्ये शिकणाऱ्यांकडून मला सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'मी रेखाटले, पण दिसत नाही'. संरचनेचा खांब हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. खांबाचे साधन निवडले की रिबनच्या खाली एक अरुंद पट्टी येते, तिला ऑप्शन्स बार म्हणतात. तेथे खांब सध्याच्या पातळीपासून वर जाणार की खाली, हे ठरते आणि संरचनेच्या खांबासाठी मूळ निवड 'डेप्थ', म्हणजे खाली, अशी असते. प्लॅनमध्ये क्लिक केले की खांब पायाकडे उतरतो. प्लॅन मात्र मेट्रिक टेम्प्लेटमध्ये पातळीपासून 1200 मिलिमीटर उंचीवर इमारत कापून खाली त्या पातळीपर्यंतच पाहत असतो, त्यामुळे तो खांब त्यात येतच नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, तयार केलेली वस्तू या व्ह्यूमध्ये दिसत नाही, अशा अर्थाची सूचना येते आणि पुढच्या क्लिकसरशी निघून जाते. शिकणारा पुन्हा क्लिक करतो, पुन्हा काही दिसत नाही, आणि एकाच जागी चार खांब बसतात. ऑप्शन्स बारमध्ये 'हाइट' निवडून वरची पातळी दिली की प्रश्न मिटतो, पण त्या पट्टीकडे लक्ष जायला हवे.

म्हणून वस्तू दिसेनाशी झाली की मी एक ठरावीक क्रम पाळायला सांगतो. व्ह्यूच्या तळाशी असलेल्या पट्टीतील दिव्याचे चित्र आधी दाबावे. पडद्याला लालसर किनार येते आणि त्या व्ह्यूमध्ये लपवलेल्या वस्तू त्याच रंगात दिसू लागतात. तेथे वस्तू सापडली नाही, तर व्ही-जी ही अक्षरे दाबून त्या वर्गाची दृश्यता तपासावी, त्यानंतर प्रॉपर्टीजमधील व्ह्यू रेंज, म्हणजे तो प्लॅन कोणत्या उंचीपासून कोठपर्यंत पाहतो ती मर्यादा, पाहावी, आणि तरीही नाही सापडली तर त्रिमितीय व्ह्यू उघडावा. व्ही-जीमधील रकाने करडे दिसत असतील, तर व्ह्यूला व्ह्यू टेम्प्लेट (दृश्याच्या मांडणीचा ठरवून दिलेला साचा) लावलेले आहे असे समजावे आणि बदल त्या टेम्प्लेटमध्ये करावा. पडद्याभोवती निळसर किनार दिसत असेल, तर कोणीतरी वस्तू तात्पुरत्या लपवल्या आहेत. एच-आर दाबले की त्या परत येतात. हा क्रम अंगवळणी पडायला आठवडा लागतो, आणि तो आठवडा देणाऱ्याला पुढे हे सॉफ्टवेअर क्वचितच कोड्यात टाकते.

ऑटोकॅडमधून येणाऱ्यांना कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या ओळीची, उणीव भासते. तिची जागा काही अंशी तळाच्या स्टेटस बारने घेतली आहे. पुढे कोठे क्लिक करायचे ते डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अक्षरे इतकी लहान आहेत की मुद्दाम दाखवावी लागतात. उजव्या कोपऱ्यात निवडीबाबतची काही छोटी चित्रे आहेत. त्यांतील 'ड्रॅग एलिमेंट्स ऑन सिलेक्शन' हा पर्याय पहिल्या दिवशीच बंद करावा, अन्यथा एखादी भिंत नुसती निवडायला गेलेला हात तिला काही मिलिमीटर सरकवतो आणि ती चूक मापे टाकताना फार उशिरा उघडकीस येते.

माउस आणि कीबोर्डच्या बाबतीत मात्र माझी मनापासून शाबासकी आहे. चाक फिरवून जवळ-दूर जाणे, चाक दाबून सरकणे आणि शिफ्टसह चाक दाबून इमारतीभोवती फिरणे या तीन हालचालींत सगळे आले. शॉर्टकट दोन अक्षरांचे आहेत आणि एंटर न दाबता चालतात: भिंतीसाठी डब्ल्यू-ए, दारासाठी डी-आर, खिडकीसाठी डब्ल्यू-एन, रेषेत आणण्यासाठी ए-एल. दार बसवताना स्पेसबार दाबला की त्याच्या उघडण्याची बाजू बदलते. भिंतीवर कर्सर ठेवून टॅब दाबला की तिला जोडलेल्या भिंतींची संपूर्ण साखळी उजळते आणि एका क्लिकमध्ये निवडली जाते. ही टॅबची सोय ज्या दिवशी कळते, त्या दिवशी कामाचा वेग बदलतो. वस्तू निवडताच दिसणारी निळी तात्पुरती मापेही तशीच उपयोगी आहेत, कारण आकड्यावर क्लिक करून नवा आकडा लिहिला की वस्तू तितकी सरकते.

विकत घेण्याआधी किंवा सराव सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. रेव्हिट फक्त विंडोजवर चालते. जुन्या आवृत्तीतील फाइल नव्या आवृत्तीत उघडते, पण नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे ज्यांच्याबरोबर काम करायचे आहे त्यांची आवृत्ती आधी विचारावी. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पात्रतेनुसार शैक्षणिक परवाना विनामूल्य मिळतो. डोळ्यांना उजेड सहन होत नसेल, तर 2024 च्या आवृत्तीपासून गडद रंगसंगती उपलब्ध आहे.

एवढे सगळे लक्षात घेऊन माझा अभिप्राय अनुकूल आहे, पण एका अटीवर. स्वतःचे स्वतः शिकायला बसणाऱ्याला हा इंटरफेस पुरेसा आधार देत नाही. त्याच्या महत्त्वाच्या सूचना बारीक आहेत, कडेला आहेत आणि क्षणभरच टिकतात. शेजारी अनुभवी माणूस बसला असेल, तर तोच इंटरफेस पंधरा दिवसांत हाताखाली येतो. असा माणूस नसेल, तर पहिल्या दिवशी सगळी इमारत रेखाटण्याऐवजी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन पातळ्या, एक खोली आणि एक दार एवढेच घ्यावे, आणि प्रत्येक क्लिकनंतर डावीकडची चौकट व तळाची पट्टी काय सांगते ते वाचावे. फाइल साठवण्याची आठवण रेव्हिट ठरावीक वेळाने करून देते, पण ती स्वतःहून साठवत नाही. ती आठवण आली की 'नंतर' म्हणू नये.