डोमिनो: ब्लॉक खेळावा की ड्रॉ?

दोघंच खेळत असलात तर डोमिनोच्या या दोन्ही प्रकारांत सुरुवात सारखीच. 28 सोंगट्या पालथ्या घालून पिसायच्या, प्रत्येकी 7 घ्यायच्या, 14 बाजूला राहतात. फरक पडतो तो हातात लागू सोंगटी, म्हणजे मांडलेल्या रांगेच्या एखाद्या टोकाच्या आकड्याशी जुळणारी, नसेल तेव्हा. ब्लॉकमध्ये गुपचूप पास म्हणायचं. ड्रॉमध्ये चालणारी सोंगटी मिळेपर्यंत ढिगातून उचलत राहायचं. बरेच जण शेवटच्या 2 मात्र उचलत नाहीत.

ब्लॉकचा डाव झटपट आटोपतो. दोन्ही टोकं अडली की ज्याच्या हातात ठिपके कमी, तो जिंकला. पण अर्ध्या सोंगट्या शेवटपर्यंत झाकलेल्या, त्यामुळे हात वाईट आला की बसा बघत.

मला ड्रॉ जास्त आवडतो. समजा टोकांना 5 आणि 3 आहेत, समोरच्याने एकामागून एक 4 सोंगट्या उचलल्या आणि चौथी, 5-1, लावली. आता त्याच्या हातात ना 5 ना 3, हे नक्की! तुमच्याकडे 1-3 असेल तर बिनधास्त लावा. दोन्ही टोकांना 3, आणि स्वारी परत ढिगाकडे. ब्लॉकमध्येही पासवरून हे कळतंच, पण तिथे समोरच्याचा हात फुगत नाही. अर्थात फुगलेला हात म्हणजे त्याच्याकडे पर्यायही जास्त, हे विसरू नका.

चौघं प्रत्येकी 7 घेऊन बसले, तर ढीगच उरत नाही. मग ब्लॉकच.