राउटरची सेटिंग: ॲपमधून की ब्राउझरमधून?

नव्या राउटरच्या खोक्यावर हल्ली क्यूआर कोड छापलेला असतो. तो स्कॅन करून ॲप घेतलं की वायफायचं नाव-पासवर्ड चहा होईपर्यंत बदलून होतं. मुलांच्या फोनचं नेट रात्री बंद ठेवायचं किंवा पाहुण्यांना वेगळं वायफाय द्यायचं, तर ॲपच सोपं. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी ब्राउझरकडे वळलो ते एका वैतागापायी. आमच्या सिडकोत पावसाळ्यात नेट अधूनमधून जातं. कधी केबलवाला त्याच्या बाजूला काहीतरी बदलतो आणि पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने केबलवाल्याच्या नेटला जोडण्यासाठीचं, युजरनेम-पासवर्ड नव्याने टाकायला सांगतो. माझं ॲप अशा वेळी आधी राउटर कंपनीच्या खात्यात लॉगिन करा म्हणतं. खातं त्यांच्या सर्व्हरवर, नेट बंद. मोबाइल डेटावर लॉगिन होतं, पण राउटरच ऑफलाइन, त्यामुळे ॲपला तो दिसत नाही. म्हणजे नेट नीट चालू असेल तरच नेट दुरुस्त करता येणार! ब्राउझरचं पान राउटरच्याच पोटात असतं, बाहेरचं नेट नसलं तरी उघडतं. सगळीच ॲपं अशी नसावीत. काहींत खात्याशिवायही आत जाता येतं. घेण्याआधी तेवढं विचारा.

ब्राउझरचेही नखरे आहेत. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; टाकताना एकाच्या जागी इंग्रजी एल पडला की सर्चची पानं येतात. दोन्ही चालले नाहीत तर फोनमध्ये वायफायच्या तपशिलात 'गेटवे' बघा, तोच राउटरचा पत्ता. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) कमांड तेच सांगते. फोनवरून जाताना मोबाइल डेटा बंद ठेवा. 'सुरक्षित नाही' असा इशारा आला तर आपल्याच घरातल्या राउटरपुरता तो सोडून द्यायला हरकत नाही. आणि इथे वायफायचा पासवर्ड चालत नाही, ॲडमिनचा लागतो. तो राउटरखालच्या स्टिकरवर असतो किंवा पहिल्यांदा तुम्हीच ठरवायचा असतो.

फायबरवाल्याने स्वतःचा डबा दिला असेल तर मात्र ॲडमिनचा पासवर्ड बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. जोडणीच्या दिवशी माणूस घरी असतानाच मागून घ्या, नंतर फोनवर मिळवणं जड जातं.

माझ्या फोनमध्ये ॲप अजून आहे, पाहुण्यांपुरतं. लॅपटॉपवर मात्र राउटरचं पान बुकमार्क केलंय.