एकपाखी लाकडी हरितगृह: जाहिरात आणि खोकं

जाहिरातीतलं वाक्य असं होतं: ‘अस्सल लाकूड, सिडार फिनिश, रुंदी १.८ मीटर, काचेसारखं पारदर्शक न फुटणारं आवरण, कुजण्याविरुद्ध १० वर्षांची हमी.’ ग्राहकाने पूर्ण रक्कम आगाऊ भरली. ठरल्या दिवशी खोकं आलं आणि माल पोचवणाऱ्याने ते एकट्याने खांद्यावर टाकून फाटकातून आत आणलं. संशय तिथेच यायला हवा होता. पुढे तक्रार झाली तेव्हा मात्र वरच्या वाक्यातला एकही शब्द धडधडीत खोटा ठरवता आला नाही. अशा व्यवहारात फसवणूक लिहिलेल्या शब्दांपेक्षा न लिहिलेल्या आकड्यांतच जास्त असते, आणि त्यातला सगळ्यात बोलका आकडा म्हणजे एकूण वजन.

भिंतीला टेकवून उभारायचं, १.८ मीटर रुंद, ०.९ मीटर खोल, भिंतीकडे २ मीटर आणि पुढे १.५ मीटर उंच असं हरितगृह घ्या. पुढची बाजू, छपराचं एकच पाखं आणि डावी-उजवी अशा दोन बाजू मिळून साधारण ७.७ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चौकटीचं लाकूड आणि तळाच्या फळ्या वगळल्या तर काचेला ६ चौरस मीटरच्या आसपास जागा उरते. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो. म्हणजे ४ मिलिमीटर टफन (तापवून कणखर केलेली) काच असेल तर नुसती काचच ६० किलो. चौकटीला अंदाजे ३५ मीटर पट्टी लागते. ती ४४ × ४४ मिलिमीटरची आणि सिडारची असेल तर २५ किलो, पाइनची असेल तर ३५ किलोच्या आसपास. दार, फळ्या, बिजागऱ्या धरल्या की प्रामाणिक माल ९० किलोच्या पुढे जातो आणि तो एका खोक्यात, एका माणसाच्या खांद्यावरून येत नाही. आता हाच हिशेब २८ × २८ मिलिमीटरच्या स्प्रूस (पाइनसारखं मऊ, फिकट लाकूड) पट्ट्या आणि ४ मिलिमीटर पोकळ पॉलीकार्बोनेटचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे धरून करा. लाकूड १२ किलो, पत्रे ५ किलो, वर थोडं हार्डवेअर. वीस किलोत सगळं आटोपलं. खोक्यावरच्या चिठ्ठीत जवळपास हाच आकडा होता, जाहिरातीत तो कुठेच नव्हता.

म्हणून पैसे देण्याआधी लेखी विचारायचं: पॅकिंगसकट वजन किती, चौकटीच्या पट्टीची रंधा मारून झाल्यावरची जाडी-रुंदी किती, आवरण कशाचं आणि किती मिलिमीटर. विक्रेत्याला हे तीन आकडे ठाऊक नसतील असं होतच नाही. मालवाहतुकीचा दर तो वजनावरच भरतो. ‘मजबूत’, ‘दणकट’, ‘प्रीमियम दर्जा’ अशी उत्तरं आली तर समजून घ्यावं.

पट्टीच्या जाडीवर थोडं थांबायला हवं, कारण बघणाऱ्याला २८ आणि ४४ यांत फारसा फरक वाटत नाही. चौकोनी पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४४ भागिले २८ म्हणजे १.५७ आणि त्याचा चौथा घात सहाच्या थोडा वर जातो. तेवढ्याच लांबीची, त्याच लाकडाची २८ मिलिमीटरची पट्टी तेवढ्याच वाऱ्याला सहा पट जास्त वाकते. वाकली की पत्रा खाचेतून निसटतो, दाराची चौकट तिरकी होते, कडी जागेवर बसेनाशी होते. यात आणखी एक मेख असते. करवतीतून निघालेलं ‘५० × ५०’ रंधा मारल्यावर ४४-४५ भरतं, हा सुतारकामातला नेहमीचा हिशेब आहे. पण काही जण रंध्याआधीचं माप जाहिरातीत लिहितात आणि कारखान्यात ते चांगलं ३८ पर्यंत उतरवतात. तेव्हा तयार माप किती, असंच विचारायचं.

आता ‘सिडार फिनिश’. याचा अर्थ सिडारच्या रंगाचा लेप, एवढाच. हरितगृहासाठी ज्याचं नाव आहे ते वेस्टर्न रेड सिडार, म्हणजे थुजा प्लिकाटा. ते वजनाला हलकं (साधारण ३७० किलो प्रति घनमीटर), ओलाव्याने कमी फुगणारं-आकसणारं, आणि त्याच्या गाभ्याच्या लाकडात कूज रोखणारी द्रव्यं निसर्गतःच असतात. युरोपीय मानक ईएन ३५० मध्ये टिकाऊपणाच्या पाच श्रेणी आहेत, १ सर्वांत टिकाऊ. उत्तर अमेरिकेतल्या सिडारचा गाभा श्रेणी २ मध्ये येतो, जंगलातल्या जुन्या सागाचा गाभा श्रेणी १ मध्ये, स्प्रूस श्रेणी ४ मध्ये, आणि सालीलगतचं पांढरं लाकूड झाड कुठलंही असो, श्रेणी ५ मध्ये धरलं जातं. ‘अस्सल लाकूड’ या शब्दांत यातलं काहीही बसतं.

ओळखायचं कसं? पट्टीच्या कापलेल्या तोंडाकडे बघायचं. या ग्राहकाकडे आलेल्या पट्टीचं तोंड असं दिसत होतं: बाहेर तपकिरी रंगाची जेमतेम एक मिलिमीटरची कड, आत पिवळसर पांढरं लाकूड, मध्ये एक काळपट मेलेली गाठ आणि गाठीभोवती बारीक फट. सिडार असतं तर तांबूस तपकिरी रंग आरपार दिसला असता आणि नवं कापल्यावर येणारा उग्र गोडसर वास आला असता. कापलेलं तोंड झाकलेलं असेल तर न दिसणाऱ्या जागी कानशीने दोन-चार हात मारले तरी आतला रंग कळतो.

तीच एक मिलिमीटरची कड दहा वर्षांच्या हमीबद्दलही सांगते. लाकडावर संरक्षक द्रावण चढवण्याचे दोन प्रकार आहेत: हौदात बुडवून काढणं आणि बंद टाकीत दाबाखाली मुरवणं. बुडवलेल्या लाकडात औषध वरवरच राहतं. स्क्रूचं भोक पाडलं, टोक कापलं किंवा ऊन-पावसाने पट्टी चिरली की आतलं उघडं लाकूड पाण्याला मोकळं. जाहिरातीत दोन्हीला ‘ट्रीटेड’च म्हणतात. त्यातही स्प्रूस दाबाखालीसुद्धा औषध नीट शोषत नाही, पाइनचं पांढरं लाकूड मात्र छान शोषतं. म्हणून ‘दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन’ हा सिडारला खराखुरा पर्याय आहे. त्याला नाकं मुरडायचं कारण नाही, पण पट्ट्या जिथे जिथे कापल्या तिथे टोकांना ब्रशने पुन्हा औषध लावावंच लागतं.

माल विकत घेण्याआधी हमीपत्र मागवून वाचावं. इथे ते खोक्यात तळाशी होतं. दर वर्षी ठरावीक औषधाचा हात द्यायचा आणि त्या खरेदीच्या पावत्या जपायच्या, टोकं कापली तर हमी रद्द, पट्टी पिळवटणं, चिरणं, गाठ गळणं हे ‘लाकडाचे नैसर्गिक गुणधर्म’ म्हणून हमीबाहेर, आणि बदली भाग मिळाला तरी वाहतूक ग्राहकाकडे. कुजण्याआधी अशी चौकट पिळवटूनच निकामी होते आणि नेमकं तेच हमीत नाही. ओल्या लाकडाची चौकट केली की हे हमखास होतं. ओलं पाइन १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळताना रुंदीत चार-पाच टक्के आकसू शकतं, म्हणजे १०० मिलिमीटरची फळी चार-पाच मिलिमीटरने कमी होते आणि जोडफळ्यांची जीभ खाचेतून बाहेर येते. भट्टीत वाळवलेलं आहे का आणि ओलावा किती टक्के, हेही लेखी घ्यावं. २० टक्क्यांच्या वरचं लाकूड नकोच.

खिळे-स्क्रूकडे कुणी बघत नाही. खरं सिडार घेतलं तरी त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं साध्या पोलादाला खातात आणि प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ उतरतो. स्टेनलेस स्टीलच हवं, समुद्राजवळ ३१६ दर्जाचं. सांधे स्टेपल मारून जोडलेले असतील, पट्टीचं टोक पट्टीला नुसतं भिडवलेलं असेल, तर लाकूड कितीही उत्तम असलं तरी उपयोग नाही. खाचा पाडून एकमेकांत बसवलेला सांधा फोटोतही ओळखू येतो. फोटोत सांधा कुठेच जवळून दाखवलेला नाही, हेही उत्तरच आहे.

मापाची चलाखी सगळीकडे सारखीच. १.८ मीटर ही छपराच्या कडेपासून कडेपर्यंतची रुंदी निघाली. दोन्ही बाजूंना छप्पर ५० मिलिमीटर पुढे आलेलं, मग चौकट १.७ मीटर, त्यातून दोन पट्ट्या वजा केल्या की आत १.६४. खोलीतही तसंच: लिहिलेली ०.९, छपराची पुढची कड ८० मिलिमीटर आणि पट्टी वजा जाता ०.७९. जमीन १.६२ चौरस मीटर मिळेल असं वाटलं होतं, मिळाली १.३०. पाचवा हिस्सा गेला. दाराची उंची तर विचारलीच नव्हती. दार पुढच्या कमी उंचीच्या बाजूला, म्हणून दर वेळी वाकून आत जायचं. फोटोतल्या कुंड्या अंदाजाला वापरू नयेत, चित्र संगणकावर केलेलं असेल तर कुंडी हवी तेवढी लहान करता येते.

‘काचेसारखं पारदर्शक न फुटणारं आवरण’ यात दोन शक्यता. पॉलीकार्बोनेट असेल तर ते चांगलं साहित्य आहे, मात्र सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो. ती बाजू दाखवणारी छापील फिल्म पत्र्यावर चिकटवलेली येते. इथे पत्रे फिल्म काढून, आधीच कापून पाठवले होते, त्यामुळे कुठली बाजू बाहेर हे कळायला मार्ग नाही. उलटा बसला तर काही हंगामांत पिवळा पडून ठिसूळ होतो. पत्र्यातल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने उभ्या हव्यात, वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद आणि खालचं हवा जाऊ देणाऱ्या टेपने, नाहीतर आत पाणी साचून शेवाळ धरतं. दीड मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकात सुमारे ४ मिलिमीटर लांबतो, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवावं लागतं. दुसरी शक्यता वाईट: आवरण पॉलीस्टायरीन या ठिसूळ प्लास्टिकचं असतं. टिचकी मारली की टणटणीत वाजतं आणि कोपरा वाकवला की तुकडा पडतो. तिथे वाद घालू नये, परतच करावं.

काच घेणार असाल तर टफन काचेच्या कोपऱ्यात कायमचा ठसा असतो, बऱ्याचदा ईएन १२१५० असा आकडा घातलेला. ठसा नसेल तर ती साधी काच समजावी. तिचे लांब धारदार तुकडे होतात, आणि दाराजवळ किंवा गुडघ्याच्या उंचीला ती अजिबात नको. टफन काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे चौकट तिरकी निघाली तर काच बसवायला कुणी मदत करू शकत नाही.

हवा खेळण्याची सोय हा भिंतीला टेकलेल्या हरितगृहाचा नाजूक भाग. मागची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी ऊब परत देते. थंडीत हाच तिचा फायदा, उन्हाळ्यात हीच भट्टी. छपरातल्या उघडणाऱ्या झडपेचं क्षेत्र जमिनीच्या १५ ते २० टक्के असावं. १.३० चौरस मीटरला २० टक्के म्हणजे ०.२६, सुमारे ६० × ४३ सेंटिमीटर. आलेली झडप ३० × ३० ची, म्हणजे सात टक्के. चित्रात तिच्याखाली मेणाच्या नळकांड्यावर चालणारा आपोआप उघडणारा दांडा होता, खोक्यात नव्हता. ‘चित्रातील साहित्य समाविष्ट असेलच असे नाही’ ही ओळ बारीक अक्षरात सापडली. मांडण्या, तळाची चौकट, भिंतीत मारायचे बोल्ट आणि प्लग, छप्पर नि भिंत यांच्या सांध्यावरची फ्लॅशिंग पट्टी हे सगळं त्याच ओळीत गडप झालं. यातल्या दोन गोष्टींशिवाय उभारणीच होत नाही. भिंतीला न बांधलेलं उंच, उथळ हरितगृह पहिल्या वादळात पालथं होतं. फ्लॅशिंग नसेल तर भिंतीवरून उतरणारं पाणी सरळ मागच्या लाकडात जातं. बोल्ट विटेत मारायचे, विटांमधल्या चुन्या-सिमेंटच्या सांध्यात नाहीत. आतली माती भिंतीच्या ओल-रोधक थराच्या निदान १५० मिलिमीटर खाली राहिली पाहिजे, नाहीतर घरात ओल चढते.

खोकं आलं की पोचपावतीवर ‘सुस्थितीत मिळालं’ अशी आधीच छापलेली ओळ असते. तिच्याशेजारी ‘न उघडता, न तपासता स्वीकारलं’ असं हाताने लिहून त्याचा फोटो काढावा. मग काहीही जोडण्याआधी प्रत्येक पट्टी सपाट फरशीवर ठेवून पिळवट बघायची, मापपट्टी शेजारी ठेवून पट्टीचं तोंड, पत्रा, झडप यांचे फोटो घ्यायचे, भाग यादीशी ताडायचे. तुटफुटीची तक्रार करायला अनेक विक्रेते दोनच दिवस देतात. एकही भोक पाडलं किंवा रंगाचा एक हात दिला की ‘वापरलेला माल’ म्हणून परतीला नकार मिळतो. या ग्राहकाने तळाच्या चार पट्ट्या जोडून पाहिल्या होत्या, आणि विक्रेत्याने नेमकं तेवढंच कारण पुढे केलं.