बँकेचा पासवर्ड विसरले, हेल्पलाइन शोधली आणि ५,०८,२०० रुपये गेले

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११:५८ ते दुपारी १२:४७. एकोणपन्नास मिनिटांत माझ्या खात्यातून आधी २,००,०००, मग १,९९,५००, मग दहा हजारांची गिफ्ट व्हाउचर्स आणि शेवटी ९८,७०० रुपये गेले. खात्यात उरले २१२. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. निवृत्तीच्या पैशांतली ५,००,००० ची एफडी होती. तिच्यावर त्या चोरांनी माझ्याच नावाने ऑनलाइन ४,५०,००० चा ओव्हरड्राफ्ट उचलला. एफडी आजही कागदावर तशीच आहे. फक्त तिच्या छातीवर कर्ज बसलं आहे.

कोणी विचारेल, शिकलेली बाई अशी फसतेच कशी? हे मला घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, बँकेतल्या पोरसवदा अधिकाऱ्याने आणि पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराने विचारून झालं आहे. म्हणून आधी तेच सांगते. मी पासवर्डला घाबरणारी बाई नाही. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहार, शिष्यवृत्ती, दीक्षा ही शाळेच्या कामाची सरकारी पोर्टलं, शाळेचा मेल, बँकेचं शाळा खातं, सगळ्यांचे पासवर्ड मी सांभाळलेत. रात्री अकरानंतर सर्व्हर जरा मोकळा असतो म्हणून तेव्हा बसून माहिती भरली आहे. आमच्या ऑफिसात सगळ्यांचा एकच पासवर्ड असायचा: शाळेचं नाव, मध्ये ॲट, पुढे यू-डायस या शाळेच्या सरकारी नंबरातले शेवटचे चार आकडे. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, निम्म्या शाळांचं असंच असेल. कारण प्रत्येक पोर्टलला मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, दर काही महिन्यांनी नवा हवा आणि मागचे तीन चालणार नाहीत. माणसाने लक्षात ठेवायचं तरी किती? निवृत्त झाल्यावर तोच पासवर्ड मी माझ्या मेलला लावला, खरेदीच्या खात्याला लावला, वीजबिलाच्या ॲपला लावला. बँकेचा तेवढा वेगळा होता.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मोबाईलच्या नोट्समध्ये ‘महत्त्वाचे’ नावाचं एक पान केलं होतं. त्यात खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा नंबर, बँकेचा यूजर आयडी, मेलचा पासवर्ड, पेन्शनची कागदपत्रं कुठे आहेत ते, सगळं होतं. एटीएमचा पिन मी तिथे लिहिला नव्हता. तो कॉन्टॅक्टमध्ये ‘सुमनमावशी’ या नावाने सेव्ह केला होता. मला वाटायचं, हे कुणाला कळणार? पण त्या पानाच्या तळाशी मीच लिहून ठेवलं होतं, ‘पिन, सुमनमावशी पाहा.’ तुमच्यापैकी किती जणींच्या फोनमध्ये अशी सुमनमावशी आहे? आजच काढून टाका. गॅलरीत डायरीच्या पानाचा फोटो असेल तर तोही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला पासवर्डही.

त्या दिवशी झालं असं. एफडीची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. ती पुन्हा लागली की नाही ते पाहायला मी नेट बँकिंग उघडलं. दिवाळीच्या आधीच ‘१८० दिवस झाले, पासवर्ड बदला’ असा संदेश आल्यामुळे बदलला होता आणि नवा आठवेना. तीन वेळा चुकला आणि खातं लॉक झालं. शाखेत फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. शाखेतला फोन कुणी उचलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मग मी इंटरनेटवर बँकेचं नाव टाकून ‘हेल्पलाइन’ असं शोधलं. पहिलाच नंबर दिसला, तो लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. खऱ्या बँकेचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला जात नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

पुढचा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता. आधी ‘मॅडम’ म्हणाला, मी शिक्षिका होते म्हटल्यावर ‘काकू’वर आला. “माझी आई पण झेडपीलाच होती काकू.” मग म्हणाला, “एक सांगतो, ओटीपी मला अजिबात सांगायचा नाही. बँक कधीच ओटीपी विचारत नाही.” या एका वाक्याने त्याने मला गुंडाळलं. आपल्याला वर्षानुवर्षं हेच शिकवलंय ना, जो ओटीपी मागतो तो चोर. हा तर मागत नाही, उलट सांगू नका म्हणतोय! त्याला सांगायची गरजच नव्हती. त्याने मला एक ॲप घ्यायला लावलं, “तुम्ही कुठे चुकताय ते मला दिसेल” म्हणून. ओटीपी माझ्या स्क्रीनवर वर झळकला की तो त्याच्या स्क्रीनवरही दिसत होता.

आणि आता तो क्षण. झोप लागत नाही ती या क्षणामुळे. ॲप सुरू करताना फोनने मला थांबवलं होतं. स्क्रीनवर चौकट आली होती आणि मजकूर स्पष्ट होता: तुमच्या स्क्रीनवर जे जे दिसेल ते या ॲपला दिसेल, त्यात पासवर्ड, पैशांच्या व्यवहाराचे तपशील, फोटो, मेसेज सगळं आलं. ‘पासवर्ड’ हा शब्द त्यात होता. मी तो वाचला. मुलांच्या उत्तरपत्रिकेतली वेलांटी न सोडणारी मी, ते वाक्य वाचून ‘आता सुरू करा’ वर बोट ठेवलं. कारण कानाला तो बोलत होता, “येस करा काकू, नेहमीचंच असतं ते.” नेहमीचंच असतं हे खरं आहे. प्रत्येक ॲप कसली ना कसली परवानगी मागतं, आपण देतो, आणि देऊन देऊन डोळे मेलेले असतात. एक मिनिट फोन खाली ठेवून तेच वाक्य मोठ्याने वाचलं असतं तर बस होतं. कानाला माणूस लावून फोनमधलं काहीही मंजूर करू नका. आधी फोन ठेवा, मग वाचा.

मग तो म्हणाला, “जुना पासवर्ड कुठे लिहिलेला असेल तर बघा ना, त्यावरून नवा आठवेल.” मी ‘महत्त्वाचे’ उघडलं. तळापर्यंत सरकवत नेलं. त्यावरून सुमनमावशी उघडली. मीच. त्याने काहीही मागितलं नाही, मी सगळं त्याच्यापुढे मांडलं. “झालं काकू, सर्व्हरला अपडेट होतंय, फोन बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं पालथा ठेवा.” मी पालथा ठेवला आणि कुकर लावायला गेले.

परत आले तेव्हा सव्वाबारा झाले होते. मेसेजची रांग लागली होती. पहिला ‘नवीन लाभार्थी जोडला’, म्हणजे पैसे पाठवायला नवं खातं, मग पासवर्ड बदलला, मग ओव्हरड्राफ्ट मंजूर, मग पैसे. बँकेच्या सूचना मेलवरही आल्या होत्या. पण मेलचा पासवर्ड त्याच पानावर होता आणि त्यावर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, नव्हती, त्यामुळे ते मेल त्यांनी कचऱ्यात टाकून दिले होते. मेलचा पासवर्ड दुसऱ्या कशालाही लावू नका. बाकी कशाचा पासवर्ड गेला तर एक खातं जातं, मेलचा गेला तर त्यावरून बाकी सगळी उघडता येतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सगळ्यात आधी फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. मला हे माहीत नव्हतं. मी आधी कार्डाच्या मागचा बँकेचा खरा नंबर लावला, १२:२२ ला. मराठीसाठी अमुक दाबा, खात्यासाठी तमुक दाबा, मग संगीत. सतरा मिनिटं संगीत. १२:४१ ला तक्रार क्रमांक मिळाला, खातं बंद केल्याचं सांगितलं. आणि १२:४७ ला शेवटचे ९८,७०० गेले. बंद केलेल्या खात्यातून! शाखेत वीस हजार काढायला गेले तर सही जुळत नाही म्हणून दोनदा करायला लावतात. आणि त्याच दिवशी जोडलेल्या, कधी नाव न ऐकलेल्या माणसाला बाराच्या आत-बाहेर चार लाख जातात, तेव्हा कुणाला काही खटकत नाही?

१९३० लागायला पाऊण तास गेला. लागल्यावर मात्र त्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि तिच्यामुळेच परराज्यातल्या एका खात्यात ६१,३०० रुपये अडकवले गेले. तेही माझ्या हातात नाहीत. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो म्हणे.

शाखेत गेले तर जेवणाची वेळ. व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, तुम्हीच दिलंत ना सगळं?” अर्जावर पोच मागितली तर “मेल करा” म्हणाले. मेलच तर चोरांच्या हातात आहे हो! शेवटी मी खुर्ची सोडली नाही, तेव्हा शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय उठू नका, वेळ घालून सही घ्या. पुढे सगळं त्या वेळेवर अडतं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरचं जिल्ह्याला. जिल्ह्याला म्हणाले, रक्कम पाहता तुमच्या ठाण्यातच होईल. पुन्हा ठाण्यात. आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्यांदा बैठकीला. तिसऱ्यांदा रजेवर. कायदा कलम ६६क आणि ६६ड मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड वापरणाऱ्याला आणि तोतयेगिरी करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. पण गुन्हा कागदावर उतरला तर ना! हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायचा असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, हे पुण्याच्या जावयांनी मला फोनवर वाचून दाखवलं. मी ते अंमलदारांना सांगितलं, तर म्हणाले, “बाई, कायदा आम्हाला शिकवू नका.” माझा गुन्हा ९ डिसेंबरला नोंदला गेला. एकवीस दिवसांनी. पैसे एकवीस मिनिटंही एका खात्यात थांबत नाहीत.

बँकेचं लेखी उत्तर आलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान, बँक जबाबदार नाही. ठीक आहे, पहिल्या चार लाख नऊ हजार पाचशेबद्दल मी मान खाली घालते. पण रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम मी शब्दन् शब्द वाचलाय. ग्राहकाची चूक असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेचं. माझा तक्रार क्रमांक १२:४१ चा आहे आणि ९८,७०० गेले १२:४७ ला. त्या सहा मिनिटांचं उत्तर बँकेने दिलेलं नाही. आणि हे वाचा: ओव्हरड्राफ्ट माझ्या नावावर असल्यामुळे त्याचं व्याज महिन्याला ३,००० रुपये माझ्या पेन्शनमधून कापलं जातं. चोरांनी उचललेल्या कर्जाचं व्याज मी भरते आहे.

आता माझे पासवर्ड दोनशे पानी वहीत आहेत. वही गोदरेजच्या कपाटात, तिचा फोटो कुठेही नाही. मुलगी म्हणते पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप वापर, ती स्वतः वापरते, तिचं बरोबरच आहे. जमत असेल त्यांनी तेच करावं. मला वही जमते, आणि वही उघडायला चोराला माझ्या घरात यावं लागेल. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, चार असंबद्ध शब्द जोडून केलेला, मेलला दुहेरी पडताळणी. ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा दहा हजारांवर आणली. एफडीवरची ऑनलाइन कर्जाची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. ती सोय मला कुणी विचारून सुरू केली नव्हती. तुमचीही चालू आहे का ते उद्याच विचारा. बँकेचा नंबर शोधायचा नाही, कार्डावरचा किंवा पासबुकावरचा लावायचा. बँकांच्या संकेतस्थळाचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, तो तसा नसेल तर तिथे काही टाकायचं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार २० डिसेंबरला केली आहे, अजून निर्णय नाही. कुणाच्या बाबतीत तक्रार नोंदवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेने परत केली असेल, तर त्यांनी आपल्या अर्जाचा मजकूर मला कळवावा. माझ्या अर्जात काय राहिलंय ते मला पाहायचं आहे.