खिलार बैलाचं डोकं मातीत: आधी संगणकावर घडवावं, की छोट्या मॅकेटवर?

प्रत्यक्ष आकाराचं बैलाचं डोकं करायला घेतलं की शिंगं पहिल्याच दिवशी पेच टाकतात. खिलारची शिंगं मुळाशी जवळजवळ असतात, कपाळाच्या उताराला धरून मागे जातात, मग बाहेर आणि वर वळत टोकदार होतात. आतली सळई दोन सेंटिमीटर जरी चुकली तरी टोकाजवळ ती मातीबाहेर डोकावते, कारण तिथे शिंगाची जाडीच दोन-तीन सेंटिमीटर उरलेली असते. म्हणून मोठ्या मातीला हात लावण्याआधी आकार कुठेतरी पक्का करून घ्यावा लागतो. संगणकावर, किंवा १:३ प्रमाणाच्या मातीच्या मॅकेटवर, म्हणजे छोट्या नमुन्यावर.

आमचं मत आधीच सांगतो. संगणकाकडून मापं घ्यावीत, त्वचा मातीतच घडवावी. आणि ज्याचं हे पहिलंच डोकं आहे, त्याने मॅकेट टाळू नये.

आधी फोटो आणि टेप

कोणतीही वाट धरली तरी संदर्भ चुकीचा असेल तर दोन्हीकडे सारखंच नुकसान होतं. डोक्याची लांबी ५० सें.मी. धरू. मोबाइलने समोरून एक मीटरवरून फोटो काढला तर नाकाड एक मीटरवर आणि माथा दीड मीटरवर येतो. म्हणजे माथ्याच्या तुलनेत नाकाड दीडपट मोठं उमटतं. चार मीटर मागे जाऊन झूम केलं की हाच फरक बाराएक टक्क्यांवर येतो. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून असे फोटो कॅमेरा डोक्याच्या पातळीत ठेवून घ्यावेत. वरच्या फोटोसाठी ओट्यावर चढावं लागेल. सोबत मालकाला बैल धरायला सांगून टेपने पाच मापं घ्यावीत: माथा ते नाकाड, दोन डोळ्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, नाकाडाची रुंदी, शिंगाच्या मुळाचा घेर आणि शिंगाची वळणावरून लांबी. शेवटचं माप फोटोवरून कधीच नीट मिळत नाही.

संगणकावर काय मिळतं

ब्लेंडर हे थ्रीडी आकार घडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मापांसाठी तेच सोयीचं. झीब्रशमध्ये घडवण्याचा हात अधिक मोकळा चालतो, पण ते वर्गणीवर मिळतं. टॅब्लेटवरचं नोमॅड स्कल्प्ट स्वस्त आहे. ढोबळ आकार ठरवायला पुरतं, मोजमापाला मात्र अपुरं पडतं.

ब्लेंडरमध्ये आधी एकक सेंटिमीटर करावं आणि फोटो समोरच्या व बाजूच्या दृश्यात लावावेत. कवटी, जबडा, नाकाड, डोळे, कान, शिंगं हे सगळं वेगवेगळ्या वस्तू म्हणून ठेवावं. डोळ्यासाठी सुमारे ४ सें.मी. व्यासाचा गोळा पुरतो. शिंग कर्व्ह (हवी तशी वाकवता येणारी रेषा) म्हणून काढावं आणि त्याला टोकाकडे निमुळती होत जाणारी जाडी द्यावी, म्हणजे त्याच्या मधल्या रेषेची लांबी हातात राहते. मग कवटी, जबडा आणि नाकाड एकत्र जोडून ५ मि.मी. व्हॉक्सेलवर रिमेश करावं, म्हणजे तेवढ्या आकाराच्या घनांवरून पृष्ठभागाची एकसंध जाळी पुन्हा विणावी. एवढ्या जाड जाळीवर सुरकुती उठतच नाही, आणि तेच हवं असतं. ३ मि.मी.च्या खाली गेलात की पापणीच्या कडेवर आठवडा जाईल आणि मातीत तो सगळा पुन्हा करावा लागेल.

पाहताना एक खोच लक्षात ठेवावी. पडद्यावरची लेन्स मुळात ५० मि.मी.ची असते. जवळ जाऊन काम करताना नाकाड फुगलेलं दिसतं, म्हणून हात नकळत ते बारीक करत जातो, आणि मातीत उतरल्यावर बैल उपाशी दिसतो. मापं घेताना ऑर्थोग्राफिक (जवळ-लांबचा फरक न दाखवणारं) दृश्य ठेवावं, नुसतं पाहायचं असेल तेव्हा लेन्स ८५ ते १०० मि.मी. करावी.

सिमेट्रीचा मोह असाच. एका बाजूला काम केलं की दुसरी आपोआप होते, सुरुवातीला ते ठीक आहे. पण एका बाजूची चूक दोन्हीकडे उमटते तेव्हा ती चूक वाटतच नाही, कारण चेहरा समतोल दिसतो. शिंगं बसवण्याआधी सिमेट्री बंद करावी. बैलाची दोन शिंगं एकमेकांची नक्कल कधीच नसतात.

पडद्याचा खरा तोटा वेगळाच आहे. स्मूद ब्रशने सगळं गुळगुळीत होत जातं आणि हाडाची कड विरून जाते. डोळ्याच्या खोबणीची वरची धार, गालाच्या हाडाची रेघ, जबड्याचा कोन या तीन जागा मऊ पडल्या की बैलाची उशी होते. मातीत लाकडी थापीचे दोन फटके मारले की हेच प्रतल लख्ख उभं राहतं.

मॅकेटवर काय मिळतं

१:३ मॅकेट म्हणजे सुमारे १७ सें.मी.चं डोकं. प्रत्यक्ष डोक्याचं घनफळ शिंगं वगळून १८ लिटरच्या आसपास धरलं, तर मॅकेटचं त्याच्या सत्ताविसावा भाग, साधारण पाऊण लिटरच्या आत. सव्वा किलो माती पुरते. प्लॅस्टिलिन (तेलमाती) वापरलं तर ते वाळतही नाही. वजन कुठे झुकतं, मान किती पुढे आली की डोकं नाक टेकवल्यासारखं दिसतं, हे दोन दिवसांत हातांना कळतं. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नाही. तिथे मान हवेत लटकलेली असली तरी कुणी टोकत नाही. उजेडाचंही तसंच. मॅकेट खिडकीजवळ नेऊन फिरवा आणि कपाळाच्या मधली पन्हळ सकाळी दिसते की नाही ते पाहा.

अडचण मोठं करताना येते. प्रपोर्शनल कॅलिपरने किंवा चौकट-ओळंब्याने मापं तिप्पट करायची, म्हणजे मॅकेटवरची १ मि.मी.ची चूक ३ मि.मी. होते. गालावर ती खपून जाते. डोळ्यांच्या अंतरात किंवा शिंगाच्या मुळाशी खपत नाही. शिवाय ग्राहकाने ऐन वेळी ‘डोकं थोडं डावीकडे वळवा’ म्हटलं तर मॅकेट कापून पुन्हा जोडावं लागतं. पडद्यावर ते पाच मिनिटांचं काम.

सांगाडा: इथे संगणक जिंकतो

मॉडेलमधून ३ सें.मी. आत सरकवलेला पृष्ठभाग काढता येतो. तोच मातीखालचा गाभा. ५० सें.मी. डोक्याचा गाभा दोन्ही टोकांना ३ सें.मी. कमी होऊन ४४ सें.मी. उरतो, म्हणजे ५ सें.मी. जाडीच्या थर्माकोल शीट घेतल्या तर त्याचे ९ काप होतात. प्रत्येक कापाची बाह्यरेषा १:१ छापून शीटवर चिकटवावी आणि गरम तारेने कापावी. छपाईसाठी गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जावं, तिथे एवढी रुंदी सहज मिळते. फाइलवर १० सें.मी.ची एक रेघ आधीच काढून ठेवावी आणि छापून आल्यावर ती मोजूनच बाकीचं स्वीकारावं. पानात बसवण्यासाठी आकार पाच टक्क्यांनी कमी झालेला डोळ्याला कळत नाही, पट्टीला कळतो.

थर फेविकॉलने चिकटवावेत. सॉल्व्हंट असलेला डिंक थर्माकोल वितळवतो. ओली माती थर्माकोलवरून घसरते, म्हणून गाभ्यावर कोंबडीजाळी ताणून बसवावी. आणि ३ सें.मी. सगळीकडे सारखे ठेवू नयेत: नाकपुड्या, तोंडाची फट आणि डोळ्याची खोबण इथे गाभा ६ सें.मी. आत न्यावा, नाहीतर कोरताना पांढरा थर्माकोल वर येतो. कान गाभ्यात घेऊच नयेत, ते तारेवर करावेत. मधून एक इंची जीआय पाइप घालून तो फ्लॅंजने १८ मि.मी.च्या प्लायला आवळावा.

वजनाचा हिशेबही हाताशी येतो. ब्लेंडरच्या थ्रीडी प्रिंट टूलबॉक्समधून घनफळ मिळतं. ओली माती लिटरला सुमारे १.८ किलो धरली तर १८ लिटरचं भरीव डोकं ३२ किलोंच्या घरात जातं. गाभा त्यातली जवळपास अर्धी जागा घेतो, म्हणजे माती १६ किलोंवर येते. शिंगं आणि मान वेगळी.

शिंगासाठी ६ मि.मी. सळई. नुसत्या सळईवरून माती खाली सरकते, तेव्हा बाइंडिंग वायर आवळून गुंडाळावी आणि गंज मातीत उतरू नये म्हणून आधी ऑइलपेंटचा हात मारावा. शिंग तिन्ही दिशांना वळतं, त्यामुळे बाजूच्या छापील चित्रावर सळई वाकवली तर ती आखूड पडते. लांबी कर्व्हवरून घ्यावी, वाकण समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही चित्रांवर जुळवावं. मॅकेटवाल्यांनी शिंगावर दोरा टाकून मोजावा आणि तीनाने गुणावं.

गाभ्याची किंमत म्हणजे तो हट्टी असतो. पाइप आणि लाकडी फुल्यांच्या साध्या सांगाड्यावर अर्ध्या कामात मान थोडी वळवता येते. थर्माकोलच्या गाभ्यावर ठरलेली मुद्रा ठरलेलीच राहते.

भाजायचं असेल तर

टेराकोटासाठी वरचा सगळा सांगाडा बाद. डोकं पोकळ करायचं, भिंत दोन-अडीच सेंटिमीटरची ठेवायची, शिंगं वेगळी भाजून नंतर जोडायची. इथे संगणकाचा उपयोग फक्त आकुंचनाच्या हिशेबाला. माती १० टक्के आटते म्हणून ५० चे ५५ करतात, ते चूक. ५० भागिले ०.९ म्हणजे ५५.६ सें.मी. हवेत. तुमची माती किती आटते हे त्याच मातीच्या पट्टीवर १० सें.मी.ची खूण करून, वाळवून, भाजून मोजावं. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

तिसरी वाट

मॅकेट हाताने करावं आणि मग ते स्कॅन करावं. ढगाळ उजेडात, तीन उंचीवरून गोल फिरत ६०-८० फोटो पुरतात. प्लॅस्टिलिन चमकत असेल तर टाल्कम पावडर भुरभुरावी. चौकटीत पट्टी ठेवावीच, कारण नुसत्या फोटोंवरून प्रमाण कळत नाही. कानांच्या कडा आणि शिंगांची टोकं स्कॅनमध्ये तुटतात. ती पुन्हा जोडत बसण्यापेक्षा कर्व्हने नव्याने काढावीत. हाताची जाण आणि गाभ्याची अचूकता दोन्ही मिळतात, फक्त काम दीडपट वाढतं.

कोणी काय घ्यावं

डोकं अर्ध्या आकाराचं किंवा भाजायचं असेल, तर मॅकेट आणि ओळंबा पुरे. प्रत्यक्ष आकार किंवा त्याहून मोठं, फायबर किंवा ब्राँझमध्ये ओतायचं, चौथऱ्यावर चढवायचं असेल तर संगणकाशिवाय सुरुवात करू नये. चौथऱ्यासाठी आणखी एक गोष्ट फुकट मिळते: कॅमेरा १.६ मीटर उंचीवर ठेवून खालून पाहावं आणि नाकाड डोळ्यांना झाकतंय का ते तपासावं. झाकत असेल तर डोकं काही अंशांनी खाली झुकवावं.

ग्राहकाला मंजुरीसाठी चकचकीत रेंडर दाखवू नये. करडं, बिनचमकीचं चित्र चार बाजूंनी द्यावं, नाहीतर माती पाहून तो ‘त्यात तर केस दिसत होते’ म्हणेल. छोटं मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर छापून द्यायचं असेल तर एसटीएल (छपाईची फाइल) काढताना प्रमाण तपासावं. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतं, स्लायसर (मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) तोच आकडा मिलिमीटर समजतं, आणि ५० सें.मी.चं डोकं अर्ध्या मिलिमीटरचं होऊन कुठे दिसतही नाही. निर्यातीत स्केल १००० ठेवलं की प्रत्यक्ष माप मिळतं. १:३ हवं असेल तर ३३३.