घाम की डोकं? हापूसच्या कलमाला विचारा

रत्नागिरीकडे आमच्या वाडीत दोन बागा शेजारी आहेत, एक मोठ्या काकांची, दुसरी त्यांच्या पुतण्याची. काका पहाटेच बागेत. पण आंबा हिसडून काढतात. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ पेटीबाहेर. पुतण्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला. पात्यानं देठासकट आंबा कापला जातो नि अलगद जाळीत येतो. मेहनत तेवढीच, माल स्वच्छ. हापूस वर्षाआड धरतो, म्हणून दरवर्षी मोहोर यावा यासाठी पुतण्या पावसाळ्यात बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझॉल हे औषधही मोजून देतो.

आता डोक्याचंही फार कौतुक नको. ते औषध दिलेल्या कलमाला खत कमी पडलं तर झाड खंगतं, आणि खताचे खड्डे मोबाइलवर खणता येत नाहीत! काका स्वतः चढून बांडगुळं तोडतात. पुतण्याची परवापर्यंत लोंबत होती.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे तो इथलाच असल्याची अधिकृत ओळख, मिळालं. नोंदणी पुतण्यानं लगेच केली, काकांचे कागद अजून ट्रंकेत. माझा कल पुतण्याकडेच. तरी यंदा मोहोरावर तुडतुडा ही कीड आली, ती आधी दिसली काकांना.